टेबल टेनिसचा विश्वचषक: दरवर्षीच्या स्पर्धेचा इतिहास आणि तिचे खरे वजन

आपली तेरा वर्षांची मुलगी बडोद्यात नियमित टेबल टेनिस खेळते, बॅकहँडला लाँग पिंपल्सचे (बाहेरून लांब दाणे असलेले) रबर वापरते आणि एप्रिल २०२५ मध्ये ब्राझीलच्या ह्यूगो काल्डेरानोने विश्वचषक जिंकल्याचे पाहिल्यापासून तिने घरात प्रश्नांचा भडिमार केला आहे, असे आपण लिहिले आहे. विश्वचषक आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या आहेत का, त्यांपैकी मोठी कोणती, विश्वचषक कधी सुरू झाला, मध्ये काही वर्षे तो का झाला नाही आणि त्यातून तिने नेमके काय शिकावे, असे आपले प्रश्न आहेत. या शहरात अनेक वर्षे मुलांना शिकवताना आणि स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसताना हेच प्रश्न मला वारंवार विचारले गेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोन्ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्याच आहेत, पण त्यांची घडण वेगळी आहे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वयाने कितीतरी मोठी आहे. ती डिसेंबर १९२६ मध्ये लंडनला पहिल्यांदा झाली, आणि तिच्या जन्माशी आपल्या देशाचा थेट संबंध आहे. मुळात ती युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा म्हणून ठरली होती. परंतु इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी भारताच्या नावाने भाग घेतल्यामुळे तिला युरोपीय म्हणणे शक्य राहिले नाही आणि ती जागतिक ठरली. महासंघाच्या संस्थापक सदस्यांतही भारताचे नाव आहे. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला आवर्जून सांगतो, कारण टेबल टेनिस हा पूर्वेकडच्या दोन-तीन देशांचा खेळ असून आपण त्यात उशिरा आलेले पाहुणे आहोत, अशी समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे.

ही जागतिक स्पर्धा सुरुवातीला, युद्धाची वर्षे सोडली तर, जवळजवळ दरवर्षी होत असे. १९५२ मध्ये ती मुंबईत झाली आणि आशियात भरलेली ती पहिलीच स्पर्धा होती. तिथे जपानच्या हिरोजी सातोने बॅटवर जाड स्पंज लावून, चेंडूचा आवाजच न येऊ देता, युरोपच्या नामवंत खेळाडूंना गोंधळात टाकले आणि एकेरीचे विजेतेपद नेले. त्यानंतर हा खेळ पूर्वीसारखा राहिला नाही. १९५७ च्या स्टॉकहोम स्पर्धेनंतर मात्र ती दर दोन वर्षांनी घेण्याचे ठरले. देशांची संख्या वाढत होती. सांघिक, एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे सगळेच प्रकार एका स्पर्धेत बसवायचे म्हणजे यजमानांना मोठा खर्च आणि खेळाडूंना लांबलचक प्रवास. पुढे २००३ पासून सम वर्षी सांघिक आणि विषम वर्षी वैयक्तिक अशी तिची विभागणी झाली.

या दोन वर्षांच्या अंतरामुळे दरवर्षी होणाऱ्या एका छोट्या पण अव्वल दर्जाच्या स्पर्धेला जागा मिळाली. १९८० मध्ये हाँगकाँगला पहिला पुरुष विश्वचषक झाला आणि चीनच्या गुओ युएहुआने आपल्याच देशाच्या ली झेनशीला हरवून तो जिंकला. खेळाडू होते फक्त सोळा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत शेकडो खेळाडू उतरतात. इथे निवडक मंडळींना बोलावले जाई आणि त्यांना रोख पारितोषिके दिली जात. टेबल टेनिस त्या वेळी ऑलिंपिकमध्येही नव्हते, ते १९८८ च्या सेऊलला आले. त्यामुळे मोठ्या स्पर्धांच्या मधल्या काळात जगातले उत्तम खेळाडू एका ठिकाणी पाहण्याची ही दुर्मीळ संधी असे. महिलांचा विश्वचषक बराच उशिरा, १९९६ मध्ये, हाँगकाँगलाच सुरू झाला आणि पहिला मान डेंग यापिंगला मिळाला. सोळा वर्षांचे हे अंतर मला आजही अन्यायाचे वाटते, कारण नव्वदीच्या आरंभी जगातल्या सर्वांत दबदबा असलेल्या खेळाडूंमध्ये डेंग यापिंग पहिल्या रांगेत होती आणि त्या वर्षांत तिच्यासाठी ही स्पर्धाच अस्तित्वात नव्हती.

आता कोणती मोठी, याविषयी. प्रतिष्ठेच्या क्रमाने ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद आणि विश्वचषक ही तीन मानाची शिखरे समजली जातात आणि तिन्ही एकेरीत जिंकणाऱ्याच्या कामगिरीला ग्रँड स्लॅम म्हणतात. विश्वचषक यांत तिसरा मानला जातो. असे असले तरी तो सोपा असतो, असा निष्कर्ष काढू नये. त्याची कसोटी निराळी आहे, आणि ती कशी निराळी आहे हे विजेत्यांची यादी समोर ठेवली की लख्ख दिसते.

१९८० ते २०२० या काळात पुरुषांचे ४१ विश्वचषक झाले. त्यांपैकी २६ चीनच्या खेळाडूंनी जिंकले आणि उरलेले १५ युरोपच्या खेळाडूंनी. १९८१ मध्ये हंगेरीचा टिबोर क्लाम्पार, १९८३ मध्ये स्वीडनचा मिकाएल अॅपेलग्रेन, १९८८ मध्ये पोलंडचा आंद्रेज ग्रुब्बा, १९९३ आणि १९९७ मध्ये क्रोएशियाचा झोरान प्रिमोराच, १९९८ मध्ये जर्मनीचा योर्ग रॉसकॉफ, १९९९, २००१ आणि २००९ मध्ये बेलारूसचा व्लादिमीर साम्सोनोव्ह, २००२ आणि २००५ मध्ये जर्मनीचा टिमो बोल, २०१७ मध्ये दिमित्रि ओव्हचारोव्ह. यांपैकी एकालाही एकेरीचे जागतिक अजिंक्यपद कधी मिळालेले नाही. स्वीडनचे वाल्डनर आणि पर्सन आणि फ्रान्सचा गातियाँ या उरलेल्या तीन विजेत्यांनी मात्र दोन्ही मिळवले. चीनच्या मा लिनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९९९, २००५ आणि २००७ अशा तीन जागतिक अंतिम सामन्यांत तो हरला, पण २०००, २००३, २००४ आणि २००६ असे चार विश्वचषक त्याच्या नावावर आहेत.

उलट बाजूने पाहा. २००३ मध्ये पॅरिसला ऑस्ट्रियाच्या वेर्नर श्लागरने जागतिक एकेरी जिंकली. त्यानंतर २०२५ पर्यंत प्रत्येक वेळी ते विजेतेपद चीनकडेच गेले आहे. त्याच काळात विश्वचषक मात्र २००५, २००९, २०१७ आणि २०२५ असा चार वेळा चीनबाहेर गेला.

हे योगायोगाने घडलेले नाही. जागतिक स्पर्धेत चीनचे बरेच खेळाडू उतरतात आणि परक्या खेळाडूला अंतिम फेरीपर्यंत त्यांपैकी तिघाचौघांना एकामागून एक हरवावे लागू शकते. एकाला हरवले तरी पुढच्या फेरीत तितकाच भक्कम दुसरा उभा असतो, आणि पहिल्या सामन्यात आपण काय केले ते त्याच्या प्रशिक्षकाने टिपून ठेवलेले असते. विश्वचषकात प्रत्येक खंडाला जागा राखून ठेवण्याची आणि एका देशाच्या खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवण्याची पद्धत होती. २०१० नंतरच्या दशकात चीनचे दोनच खेळाडू असत. त्यामुळे देशाच्या फळीपेक्षा एकट्या खेळाडूची त्या आठवड्यातली तयारी निर्णायक ठरे. दुसरे कारण स्पर्धेच्या लांबीत आहे. मोठ्या स्पर्धेत सुरुवातीच्या सोप्या फेऱ्यांत हात बसवून घेता येतो. विश्वचषक तीन-चार दिवसांत संपत असे आणि पहिल्याच दिवशी समोर जगातल्या पहिल्या वीस जणांपैकी कोणीतरी असे. ज्याला तापायला वेळ लागतो त्याच्यासाठी ही स्पर्धा नव्हे.

याचा सर्वोत्तम दाखला म्हणून मी मुलांना टिमो बोलचा २००५ चा लिएजचा विश्वचषक सांगतो. त्या वर्षी चीनचे तिघे होते, आणि बोलने वांग लिचिन, मा लिन आणि वांग हाओ या तिघांनाही ओळीने हरवले. बारा वर्षांनी त्याच लिएजमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, उपउपांत्य सामन्यात लिन गाओयुआनविरुद्ध शेवटच्या गेममध्ये ४-१० असा मागे असताना त्याने सामना फिरवला, पुढे मा लोंगलाही हरवले आणि अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या ओव्हचारोव्हकडून पराभूत झाला. ४-१० वरून एक-एक गुण घेताना त्याने सर्व्हिस घाईघाईने केली नाही आणि रिसीव्ह, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस परतवणे, सोडून दिला नाही. मुलांना त्या सामन्याची चित्रफीत दाखवताना मी शेवटचे काही गुण थांबवून थांबवून दाखवतो. प्रत्येक गुणाआधी तो किती वेळ घेतो हे पाहण्यासारखे आहे.

महिलांच्या विश्वचषकाचे चित्र मात्र वेगळे आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिथे चीनचे वर्चस्व जवळपास अखंड राहिले. लिऊ शिवेनने पाच विश्वचषक जिंकले. २०१६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला जपानच्या मिऊ हिरानोने सोळाव्या वर्षी विजेतेपद मिळवले, पण त्या वर्षी चीनच्या खेळाडू आल्या नव्हत्या. त्याने हिरानोच्या खेळाचे मोल कमी होत नाही. पुढच्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने चीनच्या खेळाडूंना हरवून ते सिद्धही केले. आपल्या मुलीला तिच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी असलेली विजेती म्हणून हे नाव अवश्य सांगावे.

विश्वचषक दरवर्षी होत असल्याने या खेळाच्या नियमांतले बदल त्याच्या इतिहासात ठळक उमटलेले दिसतात. १९८५ मध्ये फोशानला चीनचा चेन शिनहुआ जिंकला, तेव्हा मागे राहून चॉप करणारा, म्हणजे चेंडू खालून कापून परतवणारा, आणि मधूनच झडप घालणारा खेळाडू सर्वांत वर जाऊ शकत होता. त्याच सुमारास बॅटच्या दोन बाजूंच्या रबरांचे रंग वेगळे ठेवणे सक्तीचे झाले आणि १९८६ पासून एक बाजू लाल आणि दुसरी काळी ठरली. त्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे, पण पूर्णपणे वेगळ्या गुणाचे रबर लावून खेळाडू बॅट हातात फिरवत, आणि चेंडू कोणत्या रबरावरून आला हे प्रतिस्पर्ध्याला कळतच नसे. सप्टेंबर २००० मधील सिडनी ऑलिंपिक ३८ मिलिमीटरच्या चेंडूने खेळले गेले, १ ऑक्टोबरपासून चेंडू ४० मिलिमीटरचा झाला आणि त्यानंतर यांगचौला झालेला विश्वचषक मा लिनने जिंकला. २००१ मध्ये गेम २१ ऐवजी ११ गुणांचा झाला, २००२ मध्ये सर्व्हिस करताना चेंडू शरीराआड लपवण्यास बंदी आली, २००८ मध्ये स्पीड ग्लू (चेंडूचा वेग वाढवणारा रबराचा गोंद) बंद झाला आणि २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा चेंडू आला. माझ्या मते यांपैकी अकरा गुणांच्या गेमने खेळाडूंच्या मनावर सर्वाधिक परिणाम केला. एकवीसच्या गेममध्ये चार-पाच गुण गमावून सावरता येत असे. अकरात तेवढ्यात गेम हातातून जातो, आणि लहान, तीव्र स्पर्धेत तर ही धार आणखी जाणवते.

एक प्रसंग शिस्तीसंदर्भातही सांगण्याजोगा आहे. २०१४ मध्ये ड्यूसेलडॉर्फला चीनच्या झांग जिकेने मा लोंगला हरवून विश्वचषक जिंकला आणि आनंदाच्या भरात मैदानाभोवतीचे जाहिरातफलक लाथांनी तोडले. महासंघाने त्याचे ४५,००० डॉलरचे पारितोषिक रोखून धरले. विजेतेपद त्याच्याकडे राहिले, पैसे गेले. पंच म्हणून मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो, आणि हरल्यावर बॅट टेबलावर आपटणाऱ्या मुलांना मी तो आठवणीने सांगतो.

मधल्या खंडाविषयी आपण विचारले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये, साथीच्या काळात, चीनमधील वेईहाई येथे खेळाडूंना विलगीकरणात ठेवून महिला आणि पुरुष असे दोन्ही विश्वचषक पार पडले. चीनचेच चेन मेंग आणि फान झेनदोंग जिंकले. फानचा तो चौथा विश्वचषक होता. २०२१ पासून डब्ल्यूटीटी (वर्ल्ड टेबल टेनिस) ही नवी व्यावसायिक मालिका सुरू झाली, संपूर्ण वेळापत्रकाची फेरमांडणी झाली आणि तीन वर्षे एकेरीचा विश्वचषक झालाच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चेंगदूला मिश्र सांघिक विश्वचषक नव्याने सुरू झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये मकाऊला एकेरीचा विश्वचषक परतला, तो बदललेल्या रूपात: पुरुष ४८, महिला ४८, तीन-तीन जणांचे सोळा गट, आणि गटातून फक्त पहिला पुढे.

गटातल्या सामन्यांचा एक नवा नियम मला फार आवडतो. तिथे सामना कोणी आधी जिंकला म्हणून थांबत नाही. चारही गेम पूर्ण खेळले जातात आणि निकाल २-२ असाही लागू शकतो. म्हणजे पहिले तीन गेम गमावलेल्या खेळाडूलाही चौथा जिवापाड खेळावा लागतो, कारण तो गेम गटातल्या स्थानाचा फैसला करू शकतो. आपल्या शहरातल्या सराव सामन्यांत मी हाच नियम लावतो. ०-३ वर असताना मूल कसे खेळते, यावरून त्याच्याविषयी जेवढे कळते तेवढे जिंकलेल्या सामन्यातून कळत नाही.

२०२४ मध्ये मा लोंगने पस्तिसाव्या वर्षी, अंतिम सामन्यात लिन गाओयुआनविरुद्ध ०-३ असा मागे पडल्यावर ४-३ अशी बाजी मारली. महिलांत सुन यिंगशा जिंकली. २०२५ मध्ये सुन यिंगशाने पुन्हा विजेतेपद राखले आणि पुरुषांत काल्डेरानो आला. त्याने जपानच्या हारिमोतोला, मग उपांत्य सामन्यात चीनच्या वांग चुचिनला आणि अंतिम सामन्यात त्या वेळी क्रमवारीत पहिला असलेल्या लिन शिदोंगला ४-१ असे हरवले. आशिया आणि युरोप यांच्या बाहेरचा तो पहिला विश्वचषकविजेता होय. सुमारे महिनाभरानंतर दोहाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोहोचला आणि तिथे वांग चुचिनकडून हरला. दोन स्पर्धांमधला जो फरक मी वर सांगितला, तो एकाच खेळाडूच्या एका महिन्यात असा समोर आला.

भारतीयांची इथली वाटचाल थोडी आहे, पण अभिमानाची आहे. २०१९ मध्ये चेंगदूच्या विश्वचषकात जी. साथियनने फ्रान्सचा सिमॉन गोझी आणि डेन्मार्कचा जोनाथन ग्रोथ यांना हरवून मुख्य फेरी गाठली आणि तिथे टिमो बोलविरुद्ध पहिला गेमही घेतला. विश्वचषकाकडे जाणारी आशियाची वाट आशियाई चषकातून जाते, आणि तिथे २०२२ मध्ये बँकॉकला मनिका बत्राने चीनच्या चेन शिंगतोंगला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात जपानच्या हिना हायाताला हरवून पदक मिळवले. त्या स्पर्धेत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आपल्या मुलीप्रमाणे मनिकाही बॅकहँडला लाँग पिंपल्स वापरते, म्हणून तिचे हे सामने मुलीने लक्षपूर्वक पाहावेत. पाहताना पिंपल्सवरून गेलेल्या चेंडूकडे कमी आणि त्याच्या पुढच्या चेंडूकडे जास्त लक्ष द्यावे. लाँग पिंपल्सवर चेंडूची पकड कमी असते, प्रतिस्पर्ध्याने दिलेली फिरकी बरीचशी उलटून त्याच्याकडेच जाते. त्याने टॉपस्पिन मारला तर त्याला बॅकस्पिन परत मिळतो. परंतु वरच्या पातळीवर एवढ्याने कोणी चुकत नाही. मनिका गुण मिळवते ते पुढच्या फोरहँडवर, किंवा बॅट फिरवून बॅकहँडला साधे रबर आणल्यावर. मुले पिंपल्स लावून ब्लॉक करत राहतात आणि हल्ल्याचा सराव सोडून देतात, ही आपल्याकडे सर्रास आढळणारी उणीव आहे.

मकाऊची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने तिथले रात्रीचे सामने इथे संध्याकाळी दिसतात, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत परीक्षांचा ताणही उतरणीला लागलेला असतो. रोज एकच सामना पाहावा, पण पूर्ण पाहावा, आणि पहिल्या गेममध्ये फक्त रिसीव्हकडे पाहावे: आखूड सर्व्हिसवर खेळाडू चेंडू आखूड ठेवतो, लांब ढकलतो की फ्लिक करतो (मनगटाच्या झटक्याने हल्ला करतो), आणि ९-९ ला तो तेच करतो का. चार-पाच वाक्ये वहीत लिहून ठेवली तरी पुरे.

शेवटी, आपल्या शहरातून तिथवर जाण्याचा मार्ग आहे का, याविषयी. जानेवारी २०२५ मध्ये डब्ल्यूटीटीची युथ कंटेंडर स्पर्धा बडोद्यातच समा येथील संकुलात झाली. वयोगटातल्या मुलींना आंतरराष्ट्रीय गुण मिळवण्याची ती पहिली पायरी आहे. आणि बडोद्याचा डावखुरा मानुष शहा आपल्यासमोर आहेच. त्याने दिया चितळेबरोबर एप्रिल २०२५ मध्ये ट्युनिसच्या कंटेंडर स्पर्धेत मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले. एकेरीच्या विश्वचषकात दुहेरीला स्थान नाही, त्यामुळे अनेक पालक दुहेरीकडे दुर्लक्ष करतात, हे मला मान्य नाही. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दुहेरी पुन्हा येत आहेत आणि सांघिक प्रकाराच्या जागी मिश्र सांघिक प्रकार येत आहे, म्हणजे चेंगदूच्या मिश्र सांघिक विश्वचषकाचे महत्त्व येत्या वर्षांत वाढत जाणार आहे. आपल्या मुलीने आठवड्यातून किमान दोन सत्रे दुहेरीला द्यावीत, आणि शक्य असल्यास जोडीदार म्हणून डावखुरा मुलगा निवडावा.